पुरस्कार गाण्यांना मिळतो, पार्श्वसंगीताला कोण विचारतं?

तारसप्तक

परवा चौदा वर्षांच्या चिरंजीवांना पहिल्यांदा 'शोले' दाखवला. त्याला जुने सिनेमे म्हणजे "स्लो" वाटतात, त्यामुळे अर्ध्या तासात मोबाईल काढेल अशी तयारी ठेवूनच बसलो होतो. काढला नाही. ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग संपला, झोपाळ्याची करकर चालू राहिली, आणि हा म्हणाला, "बाबा, इथे म्युझिक कोणी केलंय?" मी म्हटलं, पंचम, म्हणजे आर. डी. बर्मन. तर म्हणे, "त्याला अवॉर्ड मिळालं असेल ना याचं?"

उत्तर माहीत होतं, तरी तोंडातून लवकर निघेना. १९७६ च्या फिल्मफेअरमध्ये 'शोले'ला एकच पुरस्कार मिळाला, संकलनाचा. तो आपल्या एम. एस. शिंद्यांना, याचा आनंद आहेच. संगीताचा गेला 'ज्युली'साठी राजेश रोशनकडे. 'ज्युली'ची गाणी मलाही आवडतात, त्यावर वाद नाही. गाण्याला गाणं लावून पाहिलं तर कदाचित 'ज्युली' जिंकेलही. पण राधा वाड्यातले दिवे मालवत जाते आणि खाली जय माउथ ऑर्गन वाजवतो, ते काय गाणं आहे? बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तेव्हाचा पं. सामताप्रसादांचा तबला कुठल्या रकान्यात मोजायचा?

थोडं शोधल्यावर कळलं की तो रकानाच नव्हता. फिल्मफेअर सुरू झालं १९५४ साली. पार्श्वसंगीताचा वेगळा पुरस्कार आला १९९८ साली, पहिला मिळाला 'गुप्त'साठी विजू शाहना. मधली ४४ वर्षं "सर्वोत्कृष्ट संगीत" याचा अर्थ गाणी. अगदी सुरुवातीला तर एकेका गाण्यावरच पुरस्कार दिला जायचा. नौशादना पहिला मिळाला तो 'बैजू बावरा'तल्या 'तू गंगा की मौज'साठी.

म्हणून विचारतोय. आपण "चुकीच्या माणसाला दिला" म्हणून भांडतो, पण सिनेमाचं संगीत ऐकून हे पुरस्कार कधी दिले गेलेत का?

---

बोरिवली फास्ट

आला. दरवर्षी पुरस्कारांचा मोसम आला की असा एक चर्चेचा धागा येतोच. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

जुनी तबकडी

तारसप्तक, 'शोले'चं दुःख मोठं आहे, पण त्याच्या तीन वर्षं आधीचं १९७३ साल आठवा.

'पाकीझा' १९७२ साली आला तेव्हा त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद जाऊन चार वर्षं झाली होती. कित्येक वर्षं नौशादांचे सहायक म्हणून राबलेला माणूस, तबला-ढोलकचा बादशहा, स्वतःचं सर्वोत्तम काम लोकांपर्यंत पोहोचायच्या आत गेला. नामांकनं होती 'पाकीझा', 'शोर' आणि 'बेईमान'. मिळाला शंकर-जयकिशनना, 'बेईमान'साठी. त्यांचा ओळीने तिसरा. आधीचे दोन 'पहचान' आणि 'मेरा नाम जोकर'.

प्राणसाहेबांना त्याच 'बेईमान'साठी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. त्यांनी तो नाकारला. कारण जाहीर सांगितलं: संगीताचा पुरस्कार गुलाम मोहम्मदना मिळायला हवा होता. स्वतःच्याच सिनेमाला मिळालेला पुरस्कार चूक आहे असं म्हणायला जी छाती लागते ती पडद्यावरच्या खलनायकाकडे होती, नायकांकडे नव्हती.

तुमच्या मुद्द्याला धरून एक सांगतो. 'पाकीझा'ची गाणी गुलाम मोहम्मदांची, पण ते गेल्यावर पार्श्वसंगीत केलं नौशादांनी. म्हणजे 'पाकीझा'ला मिळाला असता तरी "सर्वोत्कृष्ट संगीत" नक्की कोणाचं, हे पुरस्काराच्या त्या एका बाहुलीवर लिहिता आलं नसतं.

---

बोरिवली फास्ट

काका, प्राणची गोष्ट झकास. पण शंकर-जयकिशनना खलनायक करायचा जो रिवाज पडलाय तो मला मान्य नाही. १९६७ चं उदाहरण पुढे येणारच, म्हणून मीच देतो: 'गाईड' हरला, 'सूरज' जिंकला. सगळे हळहळतात. मीही 'गाईड' जास्त ऐकतो.

पण 'बहारों फूल बरसाओ' आजही वरातीत बँडवाला वाजवतो. तुमच्या लग्नातही वाजलं असेल. साठ वर्षं लोकांच्या ओठावर राहिलेली चाल म्हणजे काहीच नाही? कानसेनांच्या बैठकीत ठरेल तेच उत्तम आणि वरातीत वाजेल ते चिल्लर, असं कोणी ठरवलं? लोकप्रियता हाही एक निकष आहे, आणि फिल्मफेअर हे काही संगीत नाटक अकादमी नव्हतं. वाचकांचं पाक्षिक होतं ते.

---

मारवा

बोरिवली फास्ट +१. 'सूरज'वर राग काढण्यात अर्थ नाही. पण लोकप्रियता हाच निकष असेल तर तसं लिहा ना पाटीवर.

'मुघल-ए-आझम' हरला 'दिल अपना और प्रीत पराई'समोर. 'वह कौन थी' हरला 'दोस्ती'समोर. 'दोस्ती' ही लक्ष्मीकांत-प्यारेलालची सुरुवातीची झेप, त्यात वाईट काहीच नाही, पण मदन मोहनला फिल्मफेअर कधीच मिळालं नाही हे कळल्यावर त्या यादीकडे पाहायची माझी दृष्टी बदलली. राष्ट्रीय पुरस्कार तेवढा मिळाला, 'दस्तक'साठी.

आणि पंचमचं तर काय सांगावं. आयुष्यात दोन, 'सनम तेरी कसम' आणि 'मासूम'. तिसरा '१९४२: अ लव्ह स्टोरी'साठी, तोवर ते गेले होते. त्याच वर्षी त्यांच्या नावाने नव्या गुणी संगीतकारांसाठी पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी उपाशी ठेवायचं आणि तेराव्याला पंगत घालायची.

---

गोंयचो पांव

सगळे संगीतकारांचीच नावं घेताहेत. पार्श्वसंगीत वाजवलं कोणी, लिहिलं कोणी?

माझे मामा व्हायोला वाजवायचे. साठच्या दशकात मडगावहून मुंबईला गेले, धोबीतलावच्या एका कूडात राहायचे (गोव्याबाहेरच्यांसाठी: कूड म्हणजे गावकऱ्यांनी मुंबईत चालवलेलं वसतिगृह). बॅकग्राउंडच्या कामाबद्दल त्यांनी सांगितलेलं इथे लिहितो, कारण हे पुढच्या पिढीला ठाऊक नाही.

गाण्याचं रेकॉर्डिंग म्हणजे सणासारखं. गायिका येणार, निर्माता येणार, पेढे. बॅकग्राउंड म्हणजे नुसती हमाली. समोर पडद्यावर रीळ लावायचं. संगीतकार किंवा त्याचा अरेंजर स्टॉपवॉच घेऊन बसणार: इथे दार उघडतं, इथे ती वळते, इथे गोळी. तेवढ्या सेकंदांचं नोटेशन तिथल्या तिथे लिहून स्टँडवर यायचं, शाई वाळायच्या आत वाजवायचं. कंडक्टर एक डोळा पडद्यावर आणि एक वादकांवर ठेवून हात चालवणार. पन्नास जणांत एकाचा सूर घसरला की रीळ मागे, सगळ्यांनी पुन्हा. संध्याकाळपर्यंत असे कित्येक तुकडे. मामांना विचारलं की कुठल्या सिनेमात वाजवलंत, तर म्हणायचे, "नांव कोण विचारतालो? रीळ नंबर विचारताले."

ते नोटेशन लिहिणारे, म्हणजे अरेंजर, बहुतेक आमच्याकडचे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. शंकर-जयकिशनचा जो भरगच्च व्हायोलिनचा आवाज तुम्ही ओळखता त्याच्या मागे सेबॅस्टियनबाबांचा हात आहे. बोरिवली फास्ट, तुमच्या वरातीच्या गाण्याचं कौतुक करताना हेही ध्यानात ठेवा. अँथनीबाब तर प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव एका गाण्यात घातलं, 'अमर अकबर अँथनी'मध्ये, आणि त्या सिनेमाच्या संगीताला फिल्मफेअरही मिळालं. गुरूचं नाव सगळ्या देशाने गुणगुणलं, पण बहुतेकांना वाटलं की ते अमिताभच्या पात्राचं नाव आहे.

अरेंजरला पुरस्कार? तेव्हा टायटलमध्ये "सहायक" म्हणून नाव आलं तरी नशीब.

---

जुनी तबकडी

पांव, काय सुंदर लिहिलंत! मामांना नमस्कार सांगा.

आमच्याकडच्या अनिल मोहिले आणि अरुण पौडवालांबद्दलही असंच. मराठीत 'अनिल-अरुण' म्हणून नाव झालं, पण हिंदीतल्या दुसऱ्यांच्या कामात त्यांनी किती ओतलं याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

---

गोंयचो पांव

मामा २०११ मध्ये गेले, काका. पण नमस्कार पोचला. देव बरें करूं.

---

सॅन होजेकर

तुम्हाला वाटत असेल की इकडे अमेरिकेत सगळं शिस्तीत चालतं, तर थोडी करमणूक करतो. इथे पार्श्वसंगीत आणि गाणं असे दोन ऑस्कर फार पूर्वीपासून वेगळे आहेत. म्हणजे तारसप्तकांची रकान्याची तक्रार इथे मिटलेली. तरीही घोळ आहेतच.

१९७३ सालचाच घ्या, आपल्या 'बेईमान'चंच वर्ष. नीनो रोटाच्या 'गॉडफादर'ला नामांकन मिळालं आणि मग मागे घेतलं. का, तर त्यातली प्रेमाची धून त्याने आपल्याच १९५८ च्या 'फॉर्च्युनेला' या इटालियन सिनेमातून उचलली होती. नियम म्हणतो संगीत नवंच हवं. बरं, मग जिंकला कोण? चार्ली चॅप्लिन, 'लाइमलाइट'साठी. हा सिनेमा १९५२ चा! लॉस एंजेलिसमध्ये तो १९७२ पर्यंत लागलाच नव्हता, म्हणून नियमाने "नवा" धरला गेला. त्याच्यासोबत ज्या दोघांना पुरस्कार मिळाला ते दोघेही तोवर वारले होते. आणि दोन वर्षांनी 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाला संगीताचा ऑस्कर मिळाला, ज्यात पहिल्या भागातल्या सुरावटी पुन्हा वापरलेल्या होत्या. आता बोला.

नियमाचा घोळ बाजूला ठेवला तरी मूळ गोम मतदानात आहे. नामांकनं ठरवतात संगीत विभागातले लोक, म्हणजे स्वतः संगीतकार वगैरे. पण अंतिम मतदान करतात अकादमीचे झाडून सगळे सदस्य. नट, वेशभूषाकार, जनसंपर्कवाले, सगळे. त्यांना चेलो कुठे आला आणि का आला हे कळावं अशी अपेक्षा का करायची? सिनेमा आवडला की संगीतावरही शिक्का.

एन्यो मोरिकोनेचा 'द मिशन' हरला १९८७ मध्ये. समोर होता 'राउंड मिडनाइट', ज्यातलं बरंचसं संगीत जुन्या जॅझ रचनांचं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ला तर नामांकनसुद्धा नव्हतं. २००७ मध्ये लाज वाटून मानद ऑस्कर दिला आणि शेवटी २०१६ मध्ये 'द हेटफुल एट'साठी खराखुरा, वयाच्या ८७ व्या वर्षी. त्या सिनेमातही त्याच्या एका जुन्या सिनेमासाठी केलेलं पण तेव्हा न वापरलेलं संगीत होतं.

हिचकॉकच्या 'सायको'तली बाथरूममधली व्हायोलिनं सगळ्या जगाने उचलली. बर्नार्ड हरमनला त्यासाठी नामांकन मिळालं नाही. बस.

---

खुळखुळा

हॉलिवूडचा संगीतकार थॉमस न्यूमन. १५ नामांकनं, ऑस्कर शून्य. मदन मोहनचा कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ.

---

बोरिवली फास्ट

हसून हसून पुरेवाट 😂

---

तारसप्तक

सॅन होजेकर, अप्रतिम. मग रहमानबद्दल काय म्हणाल? २००९ मध्ये 'स्लमडॉग'साठी दोन ऑस्कर. आनंद झाला होता, ऑफिसात पेढे वाटले होते मी. पण मनात हेही आलं की 'रोजा', 'बॉम्बे', 'दिल से' करून झालेल्या माणसाचं हेच सर्वोत्तम काम का?

---

सॅन होजेकर

नाही, असं मला वाटतं. पण ऑस्करच्या मतदारांनी 'बॉम्बे'शी तुलना केलीच नव्हती, कारण बहुतेकांनी तो ऐकलाच नव्हता. त्या वर्षी त्यांच्यापुढे पाच सिनेमे होते, त्यात न्यूमनचा 'वॉल-ई'ही होता (खुळखुळा, तुमच्या १५ मध्ये हाही आला). त्यांच्या कानाला ढोलकी, सिंथ आणि तो वेग एकत्र नवीन होतं. आपल्या कानाला नव्हतं.

---

खारीचा वाटा

सहसा वाचनमात्र असते, पण इथे लिहावंसं वाटलं. काही वर्षांपूर्वी एका लहानशा चित्रपट महोत्सवाच्या परीक्षक मंडळावर होते. नाव सांगत नाही, आणि तो महोत्सव आता बंदही पडलाय.

आम्हाला तीसेक सिनेमे बघायचे होते, पाच दिवसांत. पहिले दोन दिवस चित्रपटगृहात, मग हॉल मिळेना म्हणून हॉटेलच्या खोलीत लॅपटॉपवर. माझ्याजवळ बरे हेडफोन होते, दुसऱ्या एका ज्येष्ठ परीक्षकांनी लॅपटॉपच्या स्पीकरवरच सगळं उरकलं. त्यात खर्जाचं चेलो किंवा हलका टाळ कुठून ऐकू येणार! शेवटच्या दिवशी बैठक. दिग्दर्शन, अभिनय यावर तासन् तास वाद झाले. संगीताची पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. कोणीतरी म्हणालं, "त्या अमक्या सिनेमाला आपण काहीच दिलं नाही, संगीत त्यांना देऊन टाकू." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही डोलावली. एका दुसऱ्या सिनेमाचं पार्श्वसंगीत मला फार आवडलं होतं, नुसतं एक सारंगी आणि पाणी टपकल्याचा आवाज. पण ते का आवडलं हे सांगायला शब्द सापडेनात. अभिनयाबद्दल बोलायची भाषा आम्हा सगळ्यांकडे होती. संगीताबद्दल "छान आहे", "लाऊड आहे", "मेलडी आहे" यापलीकडे गाडी जाईना. याची टोचणी अजून आहे.

---

मारवा

खारीचा वाटा, हे प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून आभार. "काहीच दिलं नाही म्हणून संगीत देऊन टाकू" हे वाचून बऱ्याच जुन्या निकालांचा उलगडा झाला!

राष्ट्रीय पुरस्कारांत निदान संगीताची जाण असलेलं कोणीतरी बसवायची पद्धत आहे. त्यामुळेच प्रादेशिक कामं वर येतात. 'अंतर्नाद' या कोंकणी सिनेमासाठी अशोक पत्कींना मिळाला, 'जोगवा'साठी अजय-अतुलना. वनराज भाटियांना 'तमस'साठी, आणि त्यात गाणी नव्हेत, तो सगळा अंगावर येणारा वाद्यमेळ. हे व्यापारी पुरस्कारात झालं असतं?

पण तिथेही रकान्याचा प्रश्न आलाच. २००९ च्या सिनेमांपासून गाणी आणि पार्श्वसंगीत असे दोन भाग केले. पहिल्याच वर्षी गाण्यांचा अमित त्रिवेदीला 'देव डी'साठी, पार्श्वसंगीताचा इळैयराजांना 'पळशीराजा'साठी. पुढे 'तारै तप्पट्टै'साठी इळैयराजांना पुन्हा पार्श्वसंगीताचा मिळाला, तेव्हा त्यांनी या विभागणीलाच आक्षेप घेतला. सिनेमाचं संगीत एकच असतं, त्याची अर्धी भाकरी कशी मोडता, असा त्याचा सूर. आता पार्श्वसंगीतात या देशात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि तेच म्हणताहेत की वेगळं करू नका. तारसप्तक, तुमच्या मूळ तक्रारीच्या बरोबर उलट!

---

तारसप्तक

मारवा, निरुत्तर केलंत. दोन दिवस विचार करून लिहितोय.

इळैयराजांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, कारण ते स्वतः एकेक स्वर कागदावर उतरवतात, गाण्याचाही आणि पार्श्वसंगीताचाही. त्यांच्याकडे कापड एकच असतं. पण हिंदीत आज एका सिनेमाची गाणी चार जण करतात आणि पार्श्वसंगीत पाचवा. तिथे रकाना एक ठेवला तर पाचव्याचा कोण विचार करणार? त्यामुळे वेगळा पुरस्कार हवा असं माझं अजूनही मत आहे.

मात्र "सर्वोत्तम संगीत" म्हणताना मी फक्त वाजलेलंच मोजत होतो, हे काल लक्षात आलं. 'सैराट'चा शेवट आठवा. सोनीच्या हॉलिवूडच्या स्टेजवर जाऊन भलामोठा वाद्यवृंद वाजवून आलेला सिनेमा, आणि शेवटी पोर दारातून बाहेर चालत जातं तेव्हा एक सूरही नाही. एक व्हायोलिन जरी तिथे आलं असतं तरी सगळं फुकट गेलं असतं. हा निर्णय पार्श्वसंगीताचाच भाग आहे. नामांकनाच्या वेळी क्लिप दाखवतात ना, तिथे काय दाखवणार? शांतता?

---

बोरिवली फास्ट

चला, एवढ्यावर सहमत. धाग्यावर भांडणं न होता इतके प्रतिसाद आले म्हणजे विषय चांगला होता.

अवांतर: 'शोले'चं पार्श्वसंगीत नुसतं, गाण्यांशिवाय, कुठे ऐकायला मिळेल का?

---

जुनी तबकडी

नुसतं नाही, पण जवळपास जाणारं माझ्या कपाटात आहे. 'शोले'च्या गाण्यांची तबकडी सुरुवातीला म्हणावी तशी खपेना, तेव्हा पॉलिडॉरने संवादांची काढली. ती तुफान चालली. आमच्या गल्लीत गणपतीत दहा दिवस तीच लावलेली असायची. "कितने आदमी थे" सगळ्यांना पाठ होतं हे खरं, पण आम्ही पोरं नुसते संवाद म्हणायचो नाही. एक जण गब्बर व्हायचा आणि बाकीचे मागे तोंडाने ते संगीत काढायचे. न काढणाऱ्याला खेळात घ्यायचे नाहीत.

सुई जरा घासलीय. रविवारी मुलगा आला की त्याच्याकडून रेकॉर्ड करून घेतो, तारसप्तक, तुमच्या चिरंजीवांसाठी.